फांदीवरचा नवरदेव

माझं लग्न ठरलं तेव्हा मी आंब्याच्या झाडावर होतो आणि माझे डोळे गच्च मिटलेले होते.

आमचा धंदा झाडं उतरवण्याचा. इंग्रजांचा अंमल होता, आणि बेळगावच्या कँपातल्या साहेबांना बंगल्याभोवती झाडं तर हवी असत, पण ती बंगल्यावर पडलेली मात्र चालत नसत! मग जवळच्या मच्छे गावात आम्हा बापलेकांना बोलावणं यायचं. या कामाला दोन माणसं लागतात. एक वर, एक खाली. वरचा कोयता-करवत घेऊन फांदीला भिडतो. खालचा दोरखंड सांभाळतो. फांदीला बांधलेला दोर वरच्या बेचक्यातून खाली घ्यायचा, बुंध्याला वेढे द्यायचे आणि फांदी तुटली की दोर हळूहळू सैल सोडायचा, म्हणजे खालचं कौलसुद्धा हलत नाही. वरचे आप्पा, म्हणजे माझे वडील. खालचा मी. जन्मात मी झाडावर चढलो नव्हतो. नाव मारुती, पण माळ्यावरची चिंच काढायची झाली तरी आईला हाक मारायचो!

आणि माझं लग्न काही जमेना. "झाडावरनं पडणाऱ्याला पोरगी कोण देणार?" असं लोक तोंडावर म्हणायचे. माझ्या बरोबरीचे सगळे पोराबाळांचे बाप झाले होते आणि मी अजून आईच्या हातच्या भाकरी खात होतो. मला खरोखरच धास्ती बसली होती. एकदा धीर करून म्हटलं, "आप्पा, खरं सांगून टाका की. मी खालचा हाय म्हणून!"

"खबरदार!" आप्पा कडाडले. "झाडवाल्याचं पोरगं झाडावर चढत न्हाय? तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय मला!"

अशात बेळगुंदीच्या बाळाप्पांकडून मुलगी बघायला बोलावणं आलं. आईनं निघताना बजावलं, "शुभ कामाला चाललाय, कोयता-कुऱ्हाड न्यायची न्हाय." आप्पांनी शहाण्यासारखी मान हलवली. (आप्पांनी मान हलवली की मला घाम फुटायचा.)

बाळाप्पांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसलो. पोहे आले. मुलगी अजून आत होती. तेवढ्यात बाळाप्पा सहज म्हणाले, "पाव्हणं, पोरगी तर बघालच, जरा आमची फांदी पण बघा की."

बाहेर गेलो. अंगणात आंब्याचं दांडगं झाड, आणि त्याची एक फांदी घराच्या कौलांवर अशी आडवी झालेली की बघूनच मी दोन पावलं मागं सरलो.

"पाऊस लागायच्या आत उतरवाय पायजे," बाळाप्पा म्हणाले. "गावात कोण चढायला तयार न्हाय. म्हटलं, जावईच झाडवाला मिळतोय तर हात बघावा."

"त्यात काय!" आप्पा म्हणाले. "आमचं पोरगं झाडावर जेवतंय, झाडावर झोपतंय!"

मी गडबडीनं म्हणालो, "पण मामा, आज दोर न्हाय आणलेला."

"हाय की! गाडीत वैरणीखाली हाय," आप्पा म्हणाले. आणि वैरणीखालून दोरखंड निघाला, कोयता निघाला, करवतही निघाली!

"धोतर नवं हाय," मी म्हणालो. बाळाप्पांनी जुनं दिलं. "वारा सुटलाय," मी म्हणालो. आप्पांनी बोट ओलं करून वर धरलं आणि वारा नाही म्हणून सांगितलं. "तांबड्या मुंग्या दिसतात," मी म्हणालो. "मग? त्यांची बी सोयरीक बघायची काय?" आप्पा म्हणाले. जमलेली मंडळी पोट धरून हसली.

कोणीतरी शिडी लावली. मी देवाचं नाव घेत पायरी-पायरीनं चढलो आणि पहिल्या बेचक्यात पाय ठेवला न ठेवला तोच आप्पांनी शिडी काढून घेतली! म्हणाले, "शिडी लेकराबाळास्नी. झाडवाल्याला नको."

मी खाली बघितलं. ही माझी चूक झाली. अंगण गरगर फिरलं आणि पुढं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. एवढंच कळलं की मी एका फांदीला चारी हातापायांनी मिठी मारून आडवा पडलो आहे.

"हे काय ओ?" बाळाप्पांचा आवाज आला. "मिठी का मारल्यात त्यांनी?"

"आतनं पोकळ हाय का ऐकाय लागलाय," आप्पा म्हणाले. "जाणता माणूस आधी कान लावतोय."

"डोळं मिटल्यात न्हवं?"

"झाडाची परवानगी घेतोय."

माझं अंग थडथडा उडत होतं. पानं सळसळायला लागली, कैऱ्या टपाटप खाली पडायला लागल्या.

"आता फांदी हलवून बघतोय," आप्पा म्हणाले. पण आवाज जरा खाली आला होता.

"पण पाव्हणं," बाळाप्पा म्हणाले, "उतरवायची फांदी तीच की! त्याच फांदीवर पडून कशी तोडणार?"

आप्पा डोकं खाजवायला लागले. आणि नेमक्या त्याच वेळी मुंग्यांना माझा पत्ता लागला! पहिली मानेला चावली, दुसरी कानामागं, आणि बाकीच्या बाळाप्पांच्या जुन्या धोतरात शिरल्या. मी टाहो फोडला, "आप्पा! मेलो! मला खाली घ्या! मी खालचा हाय ओ, मी खालचाच हाय!"

माझ्या मनात आलं, संपलं. सोयरीक गेली, आप्पांची अब्रू गेली, आता उभ्या तालुक्यात आपल्याला मुलगी मिळत नाही. चावऱ्या मुंग्यांपेक्षा ते जास्त झोंबलं. खरं सांगतो, मी रडत होतो.

मग खालून एका बाईचा आवाज आला. मुलीची आई बाहेर आली होती.

"पाव्हणं, याआधी कदी चढलायसा झाडावर?"

"न्हाय मावशी!"

"मग धंद्यात काय करतायसा?"

"दोर धरतोय! जमिनीवर उभं ऱ्हाऊन!"

"आणि हितनं पुढं चढणार?"

"देवाशप्पथ न्हाय! माळ्यावर बी न्हाय!"

तिनं पदर खोचला. मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "सुपारी फोडा."

"अगं, काय बोलतीस?" बाळाप्पा म्हणाले. "पोरगं रडाय लागलंय वर!"

"रडू दे. माझा भाऊ माडावरनं पडला, तवा त्याला कसली म्हणून भीती नव्हती. सगळं गाव वाघ म्हणायचं त्याला. वाघ गेला, वैनी ऱ्हायली. मी तर सोयरीक मोडणारच हुते. पण ह्यो कदी पडायचा न्हाय. माझ्या पारूला असाच भित्रा नवरा पायजे."

सुपारी फुटली. मुलगी पसंत आहे का, हे मला खालून ओरडून विचारण्यात आलं. मी म्हटलं, "आधी शिडी लावा, मग काय पायजे ते पसंत करतो!" शिडी पारूनंच आणून लावली आणि घट्ट धरून उभी राहिली, असं मला नंतर कळलं. मी उतरलो तो डोळे मिटूनच.

फांदी मग आप्पांनी उतरवली. दोर मी धरला होता, आणि एकही कौल फुटलं नाही. पण आप्पा परतीच्या वाटेवर गाडीत माझ्याकडं पाठ करून बसले.

लग्नात तर कहर झाला. सासूबाई येईल त्या पाहुण्याला अभिमानानं सांगत होत्या, "आमचं जावई लई भित्रं हायती बरं का!" बायका येऊन कौतुकानं बघून जात होत्या आणि आप्पा दुसरीकडं तोंड फिरवत होते. मी मुंडावळ्यांआडून नम्रपणे मान हलवत होतो. बोहलं चांगलं कमरेएवढं उंच बांधलं होतं. लग्न लागल्यावर त्यावरून उतरताना मी पारूचा हात घट्ट धरला. लोकांना वाटलं, रीतच आहे.