गोठ्यामागची जीप

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, उभा जन्म ड्रायव्हर. लष्कराच्या डेपोत मुलकी नोकरी, आधी जीप, मग ट्रक. निवृत्त झाल्यावरही कोणाची लग्नाची गाडी, कोणाची देवदर्शनाची, चालूच. मग एकदा ओल्या जिन्यावरून घसरले आणि डाव्या मनगटाचा चुरा झाला. हाड जुळलं, बोटांत जोर काही आला नाही. शेजाऱ्यांच्या गाडीत एकदा बसून बघितलं. चौकात दुसरा गिअर पडेना, मागचे भोंगे वाजवून डोकं उठवायला लागले. दादांनी गाडी कशीबशी कडेला लावली, किल्ली शेजाऱ्यांच्या हातात दिली आणि चालत घरी आले. त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात नाही.

मग काय, सकाळ-संध्याकाळ गॅलरीत बसून विश्रांतवाडीच्या रहदारीला मार्क द्यायचे. "बघा, बघा, क्लच जाळतोय गाढव." आई म्हणायची, "अहो, त्याची गाडी, त्याचा क्लच, तुम्ही चहा घ्या." गाडी चालवणारा माणूस गाड्या मोजत बसलेला बघवत नाही हो.

अशात धानोरीच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे त्यांना ही जीप दिसली. महायुद्धातली, नंतर लष्करानं लिलावात काढलेली. बोनेटमध्ये कोंबड्या नांदत होत्या. शेतकरी म्हणाला, "न्या की. इंजिन हाय अजून आत. कोंबड्या तेवढ्या आमच्या हायेत." टेम्पोत घालून ती आमच्या अंगणात उतरवली तेव्हा आई दारात उभी राहून बघत होती. "एवढ्यासाठी मी इतकी वर्षं अंगण झाडलं का?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

गंज म्हणजे किती? पायाखालचा पत्रा बोटानं दाबला तर बोट आरपार. मी बँकेत नोकरीला, माझा लोखंडाशी संबंध तिजोरीच्या दारापुरता. पण दर रविवारी जुना पंजाबी ड्रेस घालून बसायची. नटबोल्टांवर रॉकेल ओतून ठेवायचं, आठवडाभर मुरू द्यायचं, पुढच्या रविवारी पाना लावायचा. निघाला तर नशीब, नाहीतर पुन्हा रॉकेल. दादा उजव्या हातानं तारेचा ब्रश मारायचे, मी पॉलिश पेपर घासायची. संध्याकाळी नाक शिंकरलं तरी गंज निघायचा. आणि खरं सांगते, मला ते फार आवडायचं. दादा बोलायला लागले होते. कुठला घाट, कुठला साहेब, कुठे टायर फुटला, सगळं. गॅलरीतली खुर्ची रिकामी पडायला लागली, याचा मला जीपपेक्षा जास्त आनंद.

इंजिनासाठी कसबा पेठेतले एक म्हातारे मेकॅनिक यायचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. हाताला गुण, तोंडाला कुलूप नाही. कार्बोरेटर उघडून त्यातून कोंबडीचं पीस काढलं आणि म्हणाले, "ताई, हे ओरिजिनल आहे, जपून ठेवा." इंजिन सुरू झालं त्या दिवशी तर आईनंसुद्धा गॅस बंद करून बाहेर येऊन बघितलं.

आता एकच राहिलं होतं. जीप परदेशी, स्टिअरिंग डावीकडे. चाचा म्हणाले, "उजवीकडे घेऊन टाकू. पुण्यात अशा किती जीपा फिरवल्यात मी." मला पटलं. पुण्याच्या रहदारीत डावीकडे बसून पुढचं काय दिसणार, कपाळ? चालवणार मीच होते. दादा तेवढे म्हणाले, "राहू दे." मी कारण विचारलं तर, "मूळचं आहे तसं असावं." मी चिडले. अहो, पायाखालचा पत्रा नवा, वायरिंग बुधवार पेठेतलं, सीट आईच्या जुन्या गादीची, त्यात कसलं आलंय मूळचं? चाचांनी जुन्या बाजारातून लागणारं सगळं सामान आणलं आणि आम्ही रविवार ठरवला.

रविवारी चाचा गॅस कटर घेऊन हजर. बघते तर दादा डावीकडच्या सीटवर बसलेले. "दादा, उठा." हलेनात. "अहो, उठा ना, चाचा खोळंबलेत." तरी नाही. म्हटलं आता भांडणच करावं लागणार, म्हणून जवळ गेले. त्यांचा डावा हात स्टिअरिंगवर नुसता टेकवलेला होता. आणि उजवा हात गिअरवर. इंजिन बंद, पण पाय क्लचवर, पहिला, दुसरा, तिसरा. दुसरा लोण्यासारखा पडत होता. डावीकडे बसलं की गिअर उजव्या हाताला येतो. एवढे महिने ती गाडी घासतेय मी, आणि ही गोष्ट डोक्यात येऊ नये?

"मग बोलायचं नाही का हो!" मी अंगणात ओरडलेच.

दादा समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "बोललो असतो, आणि नसतं जमलं तर?"

मला रडू फुटलं. चाचांनी कटरची नळी गुंडाळली आणि आईला हाक मारली, "वहिनी, चहा टाका."

चहा झाल्यावर दादांनी जीप फाटकाबाहेर काढली. मी उजवीकडे बसले, कारण तिकडचं बघून सांगायला कोणीतरी हवंच. "ट्रक येतोय, थांबा. हं, चला आता." आळंदी रोडला लागेपर्यंत त्यांनी एकदाही गिअर खरवडला नाही. लोक वळून बघत होते. मला वाटलं, ओरडून सांगावं सगळ्यांना, माझे वडील आहेत.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी जीप कडेला घेतली. मला वाटलं, हात दुखला.

"उतर," म्हणाले.

"काय झालं?"

"काही नाही. जरा एकटा जाऊन येतो."

"आणि उजवीकडचं कोण बघणार?"

"हळू जाईन."

मी उतरले. त्यांनी आरशात बघितलं, पहिला टाकला, दुसरा टाकला, आणि गेले.