हिराबायच्या मांडवाची सावली

मंडळी, आधीच सांगतो, मला अमावास्येला स्मशानाच्या भिंतीला टेकवून बसवलंत तरी मी फक्त डासांची तक्रार करेन. भूत, चकवा, करणी... कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. उलट कुणी असा किस्सा सांगायला लागला की मधेच खोकून त्याचा ताल बिघडवणं हा माझा आवडता उद्योग. बायको म्हणते, मी भाजी आणायला गेलो तरी घरी येऊन त्याचं तीन अंकी नाटक करतो. खरंय. पण हा एक किस्सा मी आजवर या ग्रुपवर काय, कुठेच रंगवून सांगितलेला नाही. कारण तो सांगायचा म्हणजे मी काय केलं तेही सांगावं लागतं.

बोईसरला तारापूर रोडवर माझं छोटं ऑफिस आहे. खाली मोटर रिवाइंडिंगचं दुकान, वर मी. दिवसभर वॉर्निशचा वास. काम म्हणजे नकाशे काढणं आणि न बांधलेल्या घरांची बांधल्यासारखी चित्रं करून देणं. कॉम्प्युटरवर घराचा सांगाडा उभा करायचा, भिंतींना रंग द्यायचा, सूर्य किती वाजताचा हवा ते सांगायचं, मग कॉम्प्युटर एकेक किरण मोजत फोटोसारखं चित्र बनवतो. याला आम्ही रेंडर म्हणतो. माझा कॉम्प्युटर एका चित्राला नऊ तास घ्यायचा, आणि आठव्या तासाला लाइट जायची! शेवटी वैतागून क्लाउड घेतलं. म्हणजे काय, तर फाईल इंटरनेटवरून पाठवायची, लांब कुठल्यातरी भटारखान्यात मोठमोठी मशिनं ती शिजवणार आणि वीस मिनिटांत ताट वाढून परत. मी तर पहिल्या दिवशी खुर्चीतच नाचलो होतो.

आता माझी एक सवय सांगतो, ती महत्त्वाची आहे. आमचं ड्रॉइंग पारदर्शक कागद एकावर एक ठेवल्यासारखं असतं. प्रत्येक कागद म्हणजे एक लेयर. भिंतींचा एक, झाडांचा एक. जागेवर जे आहे पण पुढे हटवायचं आहे - पडकी शेड, जुनं कुंपण, झुडपं - ते सगळं मी एका लेयरवर टाकायचो. त्या लेयरचं नाव मी ठेवलं होतं, ‘कचरा’.

तर एका शेठला इथल्याच दांडी गावाजवळ समुद्राकाठी बारा बंगले बांधायचे होते. मागची जमीन त्याने घेतलेली. पुढे समुद्रापर्यंत वाळूचा पट्टा, त्यावर मात्र गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बोंबील वाळवत आलेल्या. बांबूचे मांडव, त्यावर जोडीजोडीने लटकवलेले बोंबील. कागदावर त्या पट्ट्याला कुणाचंच नाव नाही.

मी मोजणीला गेलो त्या दिवशी मी एकटाच. टेपचं एक टोक धरायला माणूस नाही. दुपारचे चार वाजलेले. मी टेपच्या टोकावर दगड ठेवायचो, पलीकडे पळायचो, की दगड सुटायचा. मांडवाखाली बसलेली एक म्हातारी हे सगळं मजेत बघत होती.

“काय रं, कबड्डी खेळतंस काय एकटाच?” म्हणाली. मग स्वतःच उठून आली. “आण ते टोक. मी धरते.”

ही हिराबाय. सत्तरीची असेल. मांडवाच्या पहिल्या खांबाशी उकिडवी बसली, टेपचं टोक अंगठ्याखाली दाबलं आणि तासभर हलली नाही. मधेच ओरडून विचारायची, “किती झाला?” मी आकडा सांगायचो. “बरोबर हाय!” म्हणायची, जणू आधीच मोजून ठेवलं होतं.

निघताना तिने विचारलं, “आमचे मांडव पण दाखवशील ना कागदावर? नायतर उद्या म्हनतील, इथं काय नव्हतंच.”

“जे आहे ते सगळं दाखवणार, हिराबाय.” मी छातीवर हात ठेवून म्हणालो. नाटकी माणूस ना मी.

आणि मी दाखवले, खोटं नाही सांगत. नऊ मांडव, मापासकट. फक्त सवयीने टाकले ‘कचरा’ लेयरवर.

पुढच्या आठवड्यात शेठ आला. मला ‘आर्टिस्ट’ म्हणायचा. ड्रॉइंगवर बोट आपटून म्हणाला, “आर्टिस्ट, ये बांबू-वांबू निकालो. यहाँ लॉन डालो. और ये मौजूदा जगह का जो नक्शा है ना, उसमें भी खाली दिखाओ. गाववालों की मीटिंग है, क्लीन चाहिए.”

मी काय केलं? एक क्लिक. ‘कचरा’ डिलीट. नकाशावर लिहिलं, ‘मोकळी पडीक जागा’, आणि खाली माझी सही. चहासुद्धा थंड झाला नाही एवढ्यात.

मग चित्रं क्लाउडवर पाठवली. सूर्य ठेवला सकाळी दहाचा, कारण त्या उजेडात गवत छान दिसतं. वीस मिनिटांत ताट परत. बंगले झकास! आणि लॉनवर... नऊ मांडवांच्या सावल्या.

मांडव नाहीत. नुसत्या सावल्या.

मी हसलो. आमच्या धंद्यात असं होतं, एखादी लपलेली वस्तू फाईलमध्ये राहून जाते आणि तिची सावली पडते. फाईल झाडून-पुसून परत पाठवली. परत सावल्या. तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. सकाळचा सूर्य पूर्वेला, म्हणून बंगल्यांच्या सावल्या समुद्राकडे पडलेल्या. मांडवांच्या मात्र रस्त्याकडे. उलट्या. एकाच चित्रात दोन सूर्य!

क्लाउडवाल्यांना चॅटवर पकडलं. एका नम्र माणसाने तासभर फाईल तपासली आणि लिहिलं, “सर, त्या जागी फक्त गवत आहे.”

“मग ही सावली कसली?”

 उत्तर आलं, “सर, एकदा पुन्हा रेंडर करून पाहता का?” डॉक्टर म्हणतात ना, गरम पाणी पीत जा... तसं.

मी कोरी फाईल घेतली. बंगले नव्याने आणले, गवत नवं, सगळं नवं. पाठवलं. या वेळी नऊ सावल्या होत्याच. शिवाय पहिल्या खांबाशी एक उकिडव्या बसलेल्या बाईची सावली होती, आणि तिच्या हातापासून एक बारीक सरळ रेघ लॉनवरून निघून चित्राच्या बाहेर गेली होती.

टेप.

मंडळी, तिने टेप धरला होता हे तिला आणि मलाच माहीत. भर दुपारी, खाली मोटर घुमत असताना, मी ऑफिसातले सगळे दिवे लावले. आता तुम्हाला वाटेल, मी उठलो, दांडीला गेलो, तिच्यासमोर उभा राहिलो. नाही हो. मी फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर उघडलं, ब्रश घेतला आणि सावल्या पुसल्या. एक-एक. बाईची सगळ्यात शेवटी. वर हिरवं गवत रंगवलं, पेन ड्राइव्हवर घेतलं, दोनदा उघडून बघितलं. स्वच्छ.

मीटिंग मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये होती. शेठ पुढे, मी प्रोजेक्टरपाशी. हिराबाय बायकांत बसलेली, शेजारी तिची नात प्रणाली. मला बघून म्हातारीने हात केला. मी वायर बघण्यात फार गुंग असल्याचं दाखवलं. शेठने नकाशा फिरवला. “देखिए, पूरी जगह खाली पड़ी है.” लोक कुजबुजले, पण सही-शिक्क्यापुढे काय बोलणार? मग चित्रं सुरू झाली. पहिलं, दुसरं, तिसरं.

चौथं आलं, लॉनचं, आणि मागून एक बाई ओरडली, “अगो, आमचे मांडव बघ!”

“मांडव कुठं? सावली हाय ती,” पुरुषांतला एक जण म्हणाला.

“सावली हाय म्हंजे मांडव हाय ना! तुझी सावली तुझ्याबिगर पडते काय रं?”

हॉल हसला. मी मात्र पडद्याकडे बघत उभा. मी स्वतः पुसलेली प्रत्येक सावली तिथे होती. हिराबाय उठून पडद्याजवळ गेली, बोटाने मोजायला लागली. “हा पहिला. हा दुसरा... आणि ह्या सातव्याचा खांब वाकडा हाय बघा, माझ्या नवऱ्यानं रोवलेला.”

खरंच वाकडा होता. मी माझ्या ड्रॉइंगमध्ये सगळे खांब सरळ काढले होते.

“आणि ही बसलीय ती मी,” ती म्हणाली. “चार वाजले का सावली अशीच पडते, रस्त्याकडं.”

शेठ माझ्याकडे वळला. “आर्टिस्ट, ये क्या है?” त्याच वेळी सोसायटीच्या चेअरमननी विचारलं, “तुमी दाखवलंत हे? शेठचा मानूस असून?”

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. खरं सांगायची याहून चांगली संधी आयुष्यात परत येत नाही. आणि मी - आवाज चढवून, हात वर करून - म्हणालो, “जे आहे ते दाखवणं हेच माझं काम!”

टाळ्या पडल्या. हिराबायने येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. नकाशात मांडव राहून गेले असतील, सुधारून देतो, असंही मी वर म्हणालो. आणि दिलाही. पट्ट्याचा विषय तिथेच संपला. मांडव आजही आहेत. शेठला दुसरा आर्टिस्ट मिळाला.

ऑफिसला येऊन पेन ड्राइव्ह लावला. चौथं चित्र स्वच्छ. हिरवंगार. एकही सावली नाही. वाटलं, सगळ्यांना मिळून भास झाला. पण प्रणालीने मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला होता, त्यात सगळ्या आहेत. तो फोटो आता सोसायटीच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. खाली माझं नाव आहे.

प्रोजेक्टरवाल्यापासून क्लाउडवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं.   ‘कचरा’ नावाचा लेयर मी पुन्हा कधी केला नाही, एवढंच.

दर वर्षी हंगामात हिराबाय सुक्या बोंबलांची मोटली पाठवते. निरोप ठरलेला, “खऱ्या मानसाला दे.” बायको कौतुकाने कालवण करते आणि मी खाली मान घालून जेवतो. तिला वाटतं, तिखट झालंय. दोनदा दांडीला जाऊन आलो. सांगायचंच असं ठरवून. दोन्ही वेळा चहा पिऊन, फोटोखाली उभा राहून, परत आलो.

हिराबायला वाचता येत नाही. पण प्रणाली या ग्रुपवर आहे, माझ्या किस्स्यांना नेहमी हसण्याचे इमोजी टाकते. प्रणाली बाय, हा किस्सा हसण्यावारी नेऊ नकोस. आजीला शेजारी बसव आणि पहिल्यापासून वाचून दाखव. ब्रशचा भाग गाळू नकोस.