मांसात उगवलेलं हाड

एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि मी हबकलोच. कोपराच्या पुढे, जिथे नुसता स्नायू असायला हवा, तिथे हाडाचा चांगला जाड तुकडा दिसत होता. मी टेक्निशियनला हाक मारली. "फिल्म बदलली का रे?"

"नाही सर. याच पोरीची आहे."

हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता आणि मी तिथे हाडांचा दवाखाना चालवत होतो. पोरगी म्हणजे सुमन, सहावीतली, कळमनुरीकडची. दोनेक महिन्यांपूर्वी बैलगाडीवरून पडून तिचं उजवं कोपर निखळलं होतं. मीच ते बसवलं, प्लास्टर घातलं, काढलं. तेव्हा सगळं ठीक होतं. आता हात अर्ध्यावरच अडकत होता. घास तोंडापर्यंत जात नव्हता.

"प्लास्टर काढल्यावर काय केलंत?" मी तिच्या वडिलांना विचारलं. "तिचं तिला हळूहळू हलवू द्या, एवढंच सांगितलं होतं मी."

मारोतराव जुने पैलवान. कुणाचा पाय मुरगळो, पाठ धरो, आसपासची गावं त्यांच्याकडेच चोळून घ्यायची. ते ऐटीत म्हणाले, "रोज चोळून राहिलो ना डाक्टरसाब. हळद-तेल गरम करून. अन् जोर लावून सरळ बी करतो. लई रडते, पर म्या सोडत न्हाई."

घोटाळा इथेच झाला होता.

लोकांना वाटतं, हाड म्हणजे वाळकं लाकूड. तसं नाही. हाड जिवंत असतं, त्यात रक्त फिरतं. मोडलं तर त्याच्या पेशी नवं हाड घडवतात. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, म्हणून सांधा अलगद फिरतो. पण कोपर निखळताना आजूबाजूचा स्नायूही फाटतो, आत रक्त साकळतं. ती जागा रोज रगडली तर जखम भरतच नाही, आणि शरीर बिचारं चक्क स्नायूतच हाड बांधायला घेतं.

मी फिल्म दाखवून हे सांगितलं. मारोतरावांनी फिल्मवरच्या त्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हे म्या केलं?"

"चोळण्यानं झालं."

"मंग आजच काढून टाका!"

"अजून कच्चं आहे. आता काढलं तर पुन्हा येईल. थांबावं लागेल."

"तवर म्या काय करू?"

"काही नाही. हात लावायचा नाही."

ते मटकन खाली बसले. एवढा धिप्पाड माणूस, स्वतःच्याच पंजांकडे बघत होता. त्यांच्यावर ओरडायचं माझं राहूनच गेलं. सुमनने मात्र मला हळूच विचारलं, "मंग आता बापू चोळणार न्हाईत ना?"

ते ऐकून मारोतरावांनी तोंड फिरवलं.

लहान वय कामी आलं. वर्षभरात तो तुकडा बराचसा विरला, ऑपरेशन लागलं नाही. हात पूर्ण सरळ होत नाही, तो कधी होणारही नाही. पण शेवटच्या तपासणीला सुमनने माझ्यासमोर भाकरीचा घास त्याच उजव्या हातानं खाल्ला.

मारोतराव म्हणाले, "आता कोपराचा पेशंट आला की सरळ तुमच्याकडं धाडतो. लोक म्हंत्यात, पैलवान भ्याला."

"मग तुम्ही काय सांगता?"

"व्हय, म्हणतो. भ्यालो."

कोपराच्या बाबतीत तेवढी भीती असलेली बरी.