आबांच्या जिवावरची नोकरी

शेजारच्या आबांच्या गाडीवर एक पोरगा ड्रायव्हर आहे. काम इतकंच, आबांना संध्याकाळी रंकाळ्यावर फिरवून आणायचं. पगार चांगला, जेवणही तिथंच. पण आबा नव्वदीला टेकलेत. ते खोकले की गाडी पुसणारा याचा हात थांबतो.

मग माझ्या फाटकाशी येऊन विचारतो, "आज्जी, रात्री आबांकडं डॉक्टर आलतं व्हय?"

"न्हाय रे."

"मग लाइट का चालू हुती?"

कागलच्या एका कारखान्यात त्याला कायमची नोकरी मिळत होती, बस चालवायची, तीन पाळ्यांत. जावं तर हे सुख जातं, राहावं तर आबाच जायचे! या घोरात त्याचे गाल बसले. त्याला हसायचं तोंड मला नाही. पंचविशीत बालवाडीची नोकरी सोडू का म्हणून मी शहाणी देवाला कौल लावत बसले होते. देव बोलेपर्यंत बालवाडीच बंद पडली.

काल कारखान्याचा फोन आला, तेव्हा तो आबांना पायरी उतरवत होता. फोन खिशात वाजत राहिला.

"घे की फोन," आबा म्हणाले.

"तुमास्नी कोण धरंल?"

फोन वाजून वाजून थांबला. मी अनवाणीच धावले, आबांचा दंड धरला. "लाव परत!"

तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "येतो साहेब, सोमवारपासनं येतो."

आबा माझ्या कानाशी लागले. "सुटलो, वैनी. रोज सकाळी 'छातीत दुखतंय का' इचारून यानं मलाच भ्या घातलं हुतं."