अक्काचं भरीत आणि फुफ्फुसातली साय

सर्व खान्देशवासीयांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या धुळ्याच्या अक्काचं भरीत धोक्यात आलं होतं! धोका माझ्याच लेकीकडून होता. ती जळगावात कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांवर संशोधन करते. ती सुट्टीत धुळ्याला आली, तेव्हा माझी थोरली बहीण अक्का कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत, धुरात खोकत बसली होती.

लेक म्हणाली, "आत्या, फुफ्फुसात सायीसारखा पातळ, स्निग्ध थर असतो. श्वासागणिक तो आकसतो, पसरतो, म्हणून फुफ्फुस मिटत नाही. काजळीचे कण त्यात अडकले की तो बिघडू शकतो."

"धूर वांग्यात मुरतो, तसा?" मला राहवेना.

"कसा मुरतो, तेच तर शोधतेय, बाबा."

अक्काने चिमटा माझ्या हातात कोंबला आणि छाती चाचपत लांब सरकून ओरडली, "म्हंजे मना फुफ्फुसनं बी भरीत व्हई गयं का व माय?"