चिकटपट्टी लावलेली कॅसेट

आमच्या मराठी मंडळाच्या तेव्हाच्या सेक्रेटरीनं मला फसवलं आणि मी मावशीला. त्यानं जाणूनबुजून, मी निष्काळजीपणानं. फरक आहे, पण मावशीच्या दृष्टीनं काही नाही.

मावशी माझी सख्खी नव्हे. शिकागोत आल्यावर मला पहिली नोकरी डेव्हन ॲव्हेन्यूच्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळाली. तिथे ती काउंटरवर असायची. काळी अमेरिकन, उंच, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. वयानं मोठ्या बाईला आमच्यात नुसतं नावानं हाक मारत नाहीत, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग जे म्हणतात ते म्हण. तेव्हापासून ती मावशी.

दुरुस्त केलेला टीव्ही पुन्हा बिघडतो का, हे बघायला तो तासन्‌तास चालू ठेवावा लागे. चॅनेल मावशी ठरवायची. दुपारी काळ्या कुटुंबांच्या जुन्या विनोदी मालिका परत दाखवत. एक सोफा, एक जिना, स्वयंपाकघरातलं टेबल, आगाऊ शेजारी. पहिली दहा मिनिटं आम्ही पोट धरून हसायचो. मग बापाची नोकरी जायची, नाहीतर मुलाच्या दप्तरात दोस्तानं ठेवायला दिलेली बंदूक निघायची, आणि त्याच सोफ्यावर बसून ते कुटुंब त्याबद्दल बोलायचं. माझं इंग्रजी त्यावरच झालं आणि धंदाही मी त्यातूनच शिकले. गिऱ्हाइकाला आधी बसवायचं, हसवायचं, मग खरा माल काढायचा. पुढे मी स्वतःचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकलं, नंतर टीव्ही आणि मिक्सरचं. भाव पाडून घेण्यात डेव्हनवर मला कोणी हरवलेलं नाही.

मावशीकडे एका भागाची कॅसेट होती. तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा तिनं घरी टेप केलेली. त्यात थोरल्या मुलाला पोलीस विनाकारण गाडीतून उतरवतात, रस्त्यावर पालथा झोपवतात. तो घरी येऊन टेबलाशी बसतो. बाप एरवी प्रत्येक वाक्याला विनोद करणारा. तो तोंड उघडतो आणि मिटतो. स्टुडिओतले प्रेक्षकही गप्प होतात. त्या शांततेत प्रेक्षकांतली एक बाई स्पष्ट म्हणते, "खरंय, बाबा. खरंय."

ती बाई मावशीची धाकटी बहीण. कॅलिफोर्नियात नोकरीला गेली होती, रांगेत उभी राहून स्टुडिओत बसली होती. नंतर तीन वर्षांत वारली. तिचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही. पुढे तो भाग परत दाखवताना जाहिरातींसाठी कापला आणि नेमकी ती शांतता गेली. इंटरनेटवर आहे तोही कापलेलाच. मी तपासलं आहे, एकदा नाही, वीसदा.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मंडळाच्या सहलीत एका काकांनी नव्यानं आलेल्या इंजिनिअर मुलांना समजावलं की अमुक भागात काळे राहतात, तिकडे घर बघू नका, आणि वर एक विनोद केला. सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी ताट ठेवून उठले आणि जे बोलायचं ते बोलले. कोणी ऐकलं नाही, कारण मी ओरडत होते.

त्यामुळे दुसरा रस्ता काढला. गणपतीच्या कार्यक्रमाला मंडळाला मोठा टीव्ही आणि प्लेअर हवा होता. सेक्रेटरीला म्हटलं, टीव्ही माझा, पण कार्यक्रमातला अर्धा तास माझा. तो म्हणाला, "ताई, ठरलं." तो भाग तिथे दाखवायला कॅसेट मावशीकडून मी मागून घेतली. तिनं द्यायला दोन दिवस लावले. "परत आण," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. चर्चला जाते तशी, निळा ड्रेस, निळी टोपी. मी वायरी जोडत होते तेवढ्यात कोणीतरी तिला केटरिंगची समजून तिच्या हातात कागदी प्लेट्सचा गठ्ठा दिला. तिनं त्या शांतपणे वाटल्या. आरती लांबली, भाषणं लांबली, नाटुकलं झालं, आणि माझा अर्धा तास "वेळेअभावी" गेला. मी आल्याआल्या त्याच्याकडे दिलेली कॅसेट सेक्रेटरीनं कव्हरात घालून परत दिली. मला इतकी लाज वाटत होती की कॅसेट मी कपाटात ठेवून दिली. ती मागायची नाही, मी द्यायची नाही. खोक्यात आलेला प्रत्येक मिक्सर लावून बघणारी मी, ही एक कॅसेट लावून बघितली नाही.

आता मावशी अंथरुणावर आहे. घरी येणारी नर्स म्हणते, हा आठवडा निघेल असं धरू नका. चार दिवसांपूर्वी मावशी म्हणाली, "टेप लाव. बहिणीचा आवाज ऐकू दे."

दुकानाच्या मागून जुना प्लेअर शोधला, साफ केला, तिच्या पलंगासमोर लावला. पडद्यावर गणपती आला. मग आरती. मग सेक्रेटरी, मोठ्या टीव्हीबद्दल माझे आभार मानताना. आणि त्याच्यामागे, खुर्च्यांच्या रांगांमधून, निळ्या टोपीतली मावशी, प्लेट्स वाटत.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "टोपी छान होती."

थोड्या वेळानं म्हणाली, "ती पुढे असेल. पुढे ने."

मी पुढे नेलं. पुढे नाटुकलं होतं.

रात्रभर विचार करण्याऐवजी मी तिथेच सेक्रेटरीला फोन लावला. आता तो मंडळाचा ट्रस्टी आहे. म्हणाला, "ताई, कॅमेऱ्यातली कॅसेट संपली होती, तुमची रिकामी वाटली. आणि इंटरनेटवर मिळेल की. इतकं काय मनाला लावून घेता?"

रिकामी वाटली. मी दहा वर्षं व्हिडिओ कॅसेटचं दुकान चालवलं आहे. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक इवलीशी पट्टी असते. ती मोडली की तिथे भोक पडतं, आणि ते चिकटपट्टीनं झाकल्याशिवाय त्या कॅसेटवर काही टेप होत नाही. मावशीनं ती पहिल्याच दिवशी मोडली होती, मी मोडलेली पाहिली होती. फोन ठेवून कॅसेट बाहेर काढली. त्या भोकावर पांढरी चिकटपट्टी नीट कापून लावलेली आहे. पिवळी पडली आहे, पण नखानं दाबून बसवलेली दिसते. चिकटपट्टी लावणाऱ्याला ठाऊक होतं की आत कोणीतरी जपून ठेवलेलं काहीतरी आहे. त्यानं फक्त हे ठरवलं की ते आपल्या आरतीपेक्षा कमी आहे.

मावशीला मी अजून सांगितलेलं नाही. दर दुपारी ती म्हणते, पुढे ने. मी नेते. आरती, भाषण, टोपी, नाटुकलं, मग काळा पडदा. मग मागे नेऊन परत सुरू. उभं आयुष्य मी सगळ्यांशी घासाघीस केली, आता कोणाशी करू? काय देऊ म्हणजे ते एक वाक्य परत मिळेल?

सेक्रेटरीसाहेब, तुम्ही हे वाचाल, मंडळाच्या ग्रुपवर मीच टाकणार आहे. मला माफीचं पत्र नको. मावशीच्या पलंगाशेजारी एक खुर्ची ठेवली आहे. या, त्या खुर्चीवर बसा, आणि मावशी "पुढे ने" म्हणाली की पुढे काही नाही हे तुमच्या तोंडानं तिला सांगा. चिकटपट्टी का लावली, तेही सांगा. या आठवड्यात या. पुढचा तिच्याकडे नाही.