पवनचक्क्या थांबवणारा माणूस

इम्तियाज शिकलगार यांच्या नोकरीचा मोठा भाग म्हणजे नीट चाललेली गोष्ट बंद करायला सांगणं. पुण्यातल्या एका वीज नियंत्रण कक्षात ते वीसेक वर्षं काम करताहेत. जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की सातारा जिल्ह्यातल्या पठारांवरच्या पवनचक्क्या जोरात फिरू लागतात. दुपारी सौर प्रकल्पांची वीजही येऊन पडते आणि घेणारा कोणी नसतो. मग शिकलगार फोन उचलतात.

पलीकडे संभाजी असतो, पठारावरच्या जुन्या पवनचक्क्यांचा ऑपरेटर. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. नियंत्रण कक्षाचा एक रिवाज आहे: फोनवर दिलेला हुकूम ऐकणाऱ्याने शब्दाला शब्द परत म्हणायचा, तरच तो पोचला असं धरायचं. शिकलगार म्हणत, "पहिली रांग बंद करा." संभाजी म्हणे, "पहिली रांग बंद करा," आणि पदरचं जोडे, "फुकटचा वारा, घालवा वाया. तुमच्या बापाचं काय जातंय?"

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला मात्र त्याने टोमणा मारला नाही. "साहेब, मालक म्हणतोय, औंदा पण असंच बंद ठेवाय लावलं तर चक्क्या मोडून भंगारात घालतो. मग आम्ही समदे घरी. तुम्ही फोन करायचा कुणाला?"

शिकलगारांकडे तेव्हा उत्तर होतं, पण ते अजून तपासलेलं नव्हतं. लोणी काळभोरजवळच्या उपकेंद्रात बॅटऱ्यांनी भरलेले सहा पांढरे कंटेनर नुकतेच येऊन बसले होते. दुपारी उरलेली वाऱ्याची वीज त्यांत भरायची आणि संध्याकाळी दिवे लागले की शहराला द्यायची, एवढंच काम. व्यवस्था एका हंगामापुरती, चाचणी म्हणून घेतलेली. तिची जबाबदारी उल्का नावाच्या तरुण इंजिनिअरकडे होती. पहिल्या मोठ्या वाऱ्याचा अंदाज आला, तपासणीला वरिष्ठ येणार असं ठरलं, आणि आदल्या संध्याकाळी शिकलगारांनी चूक केली.

या चुकीचं मूळ नाना पेठेत होतं. त्यांचे वडील हुसेन यांचं तिथे ट्रक-रिक्षांच्या बॅटऱ्या चार्ज करण्याचं दुकान होतं. दुकानाचे नियम दोनच. गिऱ्हाईकाला अर्धी बॅटरी द्यायची नाही, आणि रिकामी बॅटरी रात्रभर तशी ठेवायची नाही, ती खराब होते. इम्तियाज शाळा सुटली की तिथेच असत. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा नंतर आला. त्यामुळे उद्या साहेब लोक येणार म्हटल्यावर त्यांनी घरी निघताना रात्रपाळीला सांगितलं, बॅटरी काठोकाठ भरून ठेवा.

सकाळी उल्काने पर्स खाली ठेवायच्या आधी स्क्रीन पाहिली.

"सर, रात्री बॅटरी कोणी भरली?"

"मी सांगितलं होतं. शंभर टक्के आहे, बघा."

"दिसतंय. आता दुपारचा वारा कशात भरायचा? तुमच्या डब्यात?"

शिकलगारांनी डब्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. त्यांना सगळं समजायला फार वेळ लागला नाही. साठवायला जागा लागते आणि जागा त्यांनीच भरून टाकली होती. दुपारी वारा आला की त्यांना नेहमीचा फोन करावा लागणार होता, चाचणीच्या पहिल्याच दिवशी, आणि ज्याला करायचा त्याची नोकरी त्या एका फोनवर टांगलेली होती.

"रिकामी करायला किती वेळ?"

"दोन तास. पण ही वीज घेणार कोण? लोकांचे गीझर आटोपले."

त्यांनी धरणाच्या पायथ्याच्या वीजघराला फोन लावला. पाऊस लांबला होता, धरणं तळाला गेली होती. "तुमचं एक जनित्र थोडा वेळ बंद ठेवा. त्याची वीज मी इथून देतो." पलीकडचा माणूस म्हणाला, "पाणी वाचवायला कोणी फोन करेल असं वाटलं नव्हतं. बरे आहात ना?" मग त्याने हुकूम शब्दाला शब्द परत म्हटला आणि लोणीची बॅटरी उतरू लागली.

दुपारचा म्हणून सांगितलेला वारा दुपारसाठी थांबला नाही. बॅटरीत अजून चाळीस टक्के शिल्लक असतानाच स्क्रीनवर पठारावरच्या विजेचा आलेख वर सरकला. उल्काने वीज देणं थांबवून घेणं सुरू केलं. वरिष्ठ येऊन मागे उभे होते आणि सुदैवाने काही विचारत नव्हते. आलेख त्या उंचीला पोचला जिथे शिकलगार फोन करत आले होते. त्यांचा हात सवयीने रिसीव्हरवर गेला.

"हात काढा, सर," उल्का म्हणाली.

आलेख ती उंची ओलांडून गेला. कंटेनर वीज घेत राहिले. तारांमधली वारंवारता पन्नास हर्ट्झच्या आसपास होती, जिथे असायला हवी तिथेच. शिकलगारांनी हात काढला, आणि फोन वाजला.

"साहेब, संभाजी बोलतोय. बरं हाय ना?"

"बरं आहे. का?"

"वारा मरणाचा सुटलाय आन् तुमचा फोन न्हाई. म्हटलं, म्हातारं गेलं का काय."

"सगळ्या रांगा चालू ठेवा."

"काय?"

"सगळ्या रांगा चालू ठेवा. हुकूम आहे, परत म्हणा."

 संभाजी म्हणाला, "सगळ्या रांगा चालू ठेवा." पदरचं काही जोडलं नाही.

पुढे त्या हंगामात चक्क्या कधीच थांबवाव्या लागल्या नाहीत, असं नाही. कंटेनर सहाच होते. पण थांबणं इतकं कमी झालं की मालकाने भंगारवाल्याला परत पाठवलं. चाचणीची मुदत वाढली.

त्या पहिल्या संध्याकाळी शिकलगारांनी बॅटरीतली वीज शहराला देऊन ती पार उतरवली आणि विश्रांतवाडीला घरी गेले. हुसेन टीव्हीसमोर बसले होते.

"बॅटरी भरून ठेवलीस?"

"नाही, अब्बा. रिकामी ठेवून आलो."

"रात्रभर? खराब होईल."

"ही वेगळी असते."

"बॅटरी ती बॅटरी," हुसेन म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. इम्तियाज जेवायला बसले. सकाळचा डबा तसाच भरलेला परत आला होता. त्यांनी तोच उघडला.